शब्दचर्चा : ॲपला द्यायचा तो ‘अधिकार’, ‘परवानगी’ की ‘संमती’?

प्रश्न (डिचोली) : आमच्या पतसंस्थेतील कर्मचाऱ्यांसाठी मी मराठीत सूचनापत्रक तयार करीत आहे. लॉगिन करताना ओळख पडताळणारे ॲप प्रत्येकाने आपल्या फोनवर घ्यायचे आहे. ‘या ॲपला कॅमेरा, सूचना आणि संपर्क यांचे अधिकार लागतात’ हे माझे वाक्य वाचून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ॲप घ्यायलाच नकार दिला. फोनच्या मराठी पडद्यावर कुठे ‘परवानग्या’ तर कुठे ‘अनुमती द्या’ असे दिसते. काही जण ‘संमती’ सुचवतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (फोंडा) : आपल्या सहकाऱ्यांचा आक्षेप मला रास्त वाटतो. अधिकार असणारा विचारत बसत नाही. परवानगी मात्र एकाने मागायची, दुसऱ्याने द्यायची आणि वाटल्यास काढून घ्यायची असते, आणि फोनमधला व्यवहार नेमका असाच आहे. अँड्रॉइडच्या ६.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, कॅमेरा किंवा संपर्क अशा नाजूक गोष्टींसाठी ॲपला वापराच्या वेळी विचारावे लागते. त्याआधी ॲप घेतानाच सगळी यादी एकगठ्ठा मान्य करावी लागे. जत्रेतल्या नाटकासाठी ध्वनिक्षेपकाची परवानगी काढतात, ती जशी ठरावीक जागेपुरती आणि वेळेपुरती असते, तशीच ही आहे. ‘अनुमती’चा अर्थ वेगळा नाही, परंतु एका पत्रकात दोन शब्द आले, की वाचकाला त्या दोन निराळ्या गोष्टी वाटतात, म्हणून ‘परवानगी’ हा एकच शब्द ठेवावा.

‘संमती’ येथे नको. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा केंद्रीय कायदा ज्या संमतीविषयी बोलतो, ती आपल्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी द्यायची असते. कॅमेरा उघडू देणे आणि मिळालेली माहिती वापरू देणे हे दोन वेगळे होकार आहेत, आणि शब्दही वेगळेच राहिलेले बरे.

मला खरी अडचण दिसते ती ‘लागतात’ या क्रियापदात. ॲप मागते ते सगळेच त्याला लागते असे नाही. कॅमेरा घ्या : खाते ॲपला जोडताना दाखवल्या जाणाऱ्या क्यूआर कोडमध्ये एक गुप्त किल्ली, म्हणजे अक्षरे-आकड्यांची ओळ, असते, ती एकदा टिपली, की पुढे त्या किल्लीवरून आणि फोनच्या घड्याळावरून, बहुधा दर ३० सेकंदांनी, लॉगिनसाठीचा नवा सहा आकडी कोड फोनमध्येच तयार होतो आणि त्याला इंटरनेटही लागत नाही. म्हणजे कॅमेऱ्याचे काम पहिल्या दिवशीच संपते, आणि अनेक ठिकाणी ती किल्ली हाताने टंकण्याचीही सोय असते. सूचनांचे (नोटिफिकेशन्सचे) तसे नाही. ‘हे लॉगिन तुम्हीच करीत आहात का?’ अशी विचारणा सूचनेद्वारे येते. अँड्रॉइड १३ पासून त्यासाठी वेगळी परवानगी असून ती नाकारल्यास ॲप स्वतः उघडून पाहावे लागते. ‘संपर्क’ हा शब्द तर फसवा आहे, कारण फोनवर कोणकोणती खाती आहेत हे पाहण्याची परवानगी अँड्रॉइडने त्याच गटात घातलेली आहे. कार्यालयाचे खाते शोधू पाहणारे ॲपही त्यामुळे आपल्या नातेवाइकांचे क्रमांक मागत असल्यासारखे दिसते. ॲप उघडताना बोटाचा ठसा मागितला गेला, तरी तो ॲपच्या हाती जात नाही. फोन तो स्वतः तपासतो आणि ॲपला फक्त जुळला की नाही एवढे कळवतो.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. वाक्य असे बदलतो : ‘हे ॲप क्यूआर कोड टिपण्यासाठी कॅमेऱ्याची आणि लॉगिनची विचारणा दाखवण्यासाठी सूचनांची परवानगी मागते.’ ‘परवानगी नाकारणे’ आणि ‘रद्द करणे’ यांपैकी काय लिहावे?

उत्तर (फोंडा) : वाक्य उत्तम झाले आहे. विचारणा होते तेव्हा ‘नाकारणे’ आणि आधी दिलेली असेल तर ‘काढून घेणे’ लिहावे. ‘रद्द करणे’ वाचून एखाद्याला खातेच बंद होईल असे वाटायचे. अँड्रॉइड ११ पासून दोनदा नाकारल्यावर ॲपला तीच परवानगी पुन्हा विचारता येत नाही. त्यामुळे ज्यांनी घाईघाईत नकार दिला असेल त्यांच्यासाठी, सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या ‘परवानग्या’ उघडून ती कशी द्यायची, हेही पत्रकात त्याच वाक्याखाली लिहावे.