जीमॅट सीआर: इन्फरन्सच्या प्रश्नात दोन ऑप्शन उरतात आणि मी दरवेळी चुकीचाच मारतो

उशिरा_उठणारा
नोकरी सांभाळून जीमॅटची (एमबीए प्रवेशाची परीक्षा) तयारी चालू आहे, म्हणजे रात्री दहानंतर जे काय डोकं उरतं त्यात. व्हर्बलला ४५ मिनिटांत २३ प्रश्न, आरसी (मोठे उतारे) ठीक जातं, सीआरमधले (छोट्या युक्तिवादांवरचे प्रश्न) असम्प्शन म्हणजे गृहीतकवाले, वीकन म्हणजे युक्तिवाद कमकुवत करणारा मुद्दा शोधायचेवाले पण जमतात, पण इन्फरन्स, म्हणजे उताऱ्यावरून काय नक्की निघतं ते, आला की गाडी अडलीच. तीन ऑप्शन पटकन उडतात आणि उरलेल्या दोघांतला मी हमखास चुकीचा धरतो.

कालचा प्रश्न साधारण असा: एका शहरात पाच वर्षांत कारची संख्या वाढली, पण एकूण रजिस्टर्ड वाहनांत कारचा टक्का कमी झाला. यावरून काय निष्कर्ष निघतो? मी मारलं 'वाहतूक कोंडी वाढली'. गाड्या वाढल्या तर कोंडी होणारच ना राव, मी रोज हिंजवडीला जातो, मला कोण सांगणार! उत्तर निघालं 'बाकीची वाहनं कारपेक्षा जास्त वेगाने वाढली'. हे तर उताऱ्यातच आहे की, यात निष्कर्ष कसला??

साखर_कमी
'हे तर उताऱ्यातच आहे' असं वाटलं ना, मग तोच ऑप्शन. इन्फरन्सचं बरोबर उत्तर बहुतेक वेळा असंच बेचव असतं. हिंजवडी जरा बाजूला ठेव आणि आकडे घालून बघ. आधी १०० वाहनं, त्यात ४० कार. नंतर कार झाल्या ५०, पण टक्का ४० वरून २५ वर आला, म्हणजे एकूण वाहनं २००. बाकीची ६० होती ती १५० झाली. कार सव्वापट, बाकीची अडीचपट. दुसरे आकडे घे, कुठलेही घे, हे असंच येणार, सुटका नाही.

आता कोंडी घे. त्याच काळात रस्ते रुंद झाले असतील, मेट्रो आली असेल, निम्म्या गाड्या सोसायटीत कव्हर घालून उभ्या असतील. उताऱ्यातलं एकही वाक्य खोटं न पडता कोंडी कमी झालेली असू शकते. मी हेच करतो, ऑप्शन खोटा धरायचा आणि उतारा तरी टिकतो का बघायचं. टिकला तर ऑप्शन बाद. वीकनमध्ये आपण ऑप्शन खरे धरून उताऱ्यावर संशय घेतो, इथे बरोबर उलटं, आणि सवयीने गडबड तिथेच होते.

पेन्सिल_हरवली
आमच्या क्लासमध्ये सांगितलंय की ऑल, नेव्हर, एव्हरी दिसलं की डोळे झाकून उडवा आणि सम, मे दिसलं की ठेवा. हे चालतं का? माझं कधी लागतं कधी नाही.

बदलापूर_फास्ट
@पेन्सिल डोळे झाकून काहीच नको. उताऱ्यात 'पास नसलेल्या एकालाही आत सोडलं नाही' असेल तर 'आत सोडलेल्या प्रत्येकाकडे पास होता' हे शंभर टक्के बरोबर, 'प्रत्येक' असूनही. फक्त ते उलटं फिरवू नका, पास असलेला प्रत्येक जण आत गेलाच असं कुठे म्हटलंय, एखादा बाहेर वडापाव खात बसला असेल.

आणि 'मोस्ट' जपून. ऑफिसात निम्म्याहून जास्त लोक डबा आणतात आणि निम्म्याहून जास्त लोक चहा घेत नाहीत. यावरून डबा आणणारा निदान एक जण चहा न घेणारा आहे एवढं पक्कं. पण 'डबा आणणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जण चहा घेत नाहीत' हे नाही. १०० जणांत ५१ डबेवाले आणि ५१ चहा न घेणारे असतील तर दोन्हींत येणारे फक्त दोघंसुद्धा असू शकतात. मी स्वतः यात इतक्या वेळा आपटलोय की आता 'मोस्ट' दिसला की बोर्डवर ५१ लिहूनच पुढे जातो.

तिसरा_अटेम्प्ट
मध्येच घुसतो, मी यूपीएससीवाला. सीसॅटच्या (यूपीएससी प्रीलिम्सचा दुसरा पेपर) उताऱ्यांना ही ऑप्शन खोटा धरायची टेस्ट लावली तर कधीकधी चारही ऑप्शन बाद होतात आणि मी पेपरकडे बघत बसतो. पेपर ३३ टक्क्यांचा क्वालिफायिंग, म्हणजे नुसता पास व्हायचा, असला तरी चुकीला त्या प्रश्नाच्या मार्कांचा एक तृतीयांश भाग जातो, अंदाजपंचे पण परवडत नाही.

साखर_कमी
@तिसरा तिथे प्रश्न 'मोस्ट लॉजिकल' विचारतात, म्हणजे चौघांत सगळ्यात जवळचा शोधायचा. ऑप्शन पटवण्यासाठी कुठल्या ऑप्शनला मनाने सगळ्यात कमी भर घालावी लागते ते बघ. जीमॅटमध्येही 'मोस्ट स्ट्राँगली सपोर्टेड' येतं, पण तिथे हात फार सैल सोडू नये असं माझं मत.

उशिरा_उठणारा
काल रात्री बसून जुन्या एरर लॉगमधले (चुकांची नोंद) १४ इन्फरन्स परत काढले. ९ मध्ये मी घरचं ज्ञान घातलेलं, एकात तर कॉफीचे भाव वाढले म्हणून लोक चहाकडे वळले असं स्वतःच ठरवून टाकलेलं, उताऱ्यात चहाचा च पण नव्हता 😅 उरलेल्या ५ पैकी ३ टक्के विरुद्ध संख्या. दोन अजूनही कळले नाहीत, उद्या इथेच टाकतो, @बदलापूर जरा बघा.