जीआर८६ मॅन्युअल : अ‍ॅव्हरेज २३ च्या वर जाईना, कोणी काही सुचवेल का?

एडिसनकर८६

नमस्कार मंडळी. गाडी टोयोटा जीआर८६, २०२३ ची, सहा गिअरची मॅन्युअल, १८ इंची चाकं. राहायला न्यूजर्सीत एडिसन, ऑफिस पर्सिपनीला, म्हणजे सगळं रामायण २८७ हायवेवर. ब्रिजवॉटरपर्यंत बरी पळते, मग ७८ हायवेच्या इंटरचेंजपाशी रांगत रांगत जायचं, पुढे परत रस्ता मोकळा. टाकी टू टाकी हिशोब केला तर २३ एमपीजी (गॅलनला मैल) पडतंय, डॅशबोर्ड त्याच्यापेक्षा एखादा आकडा चढवूनच सांगतो. आपल्या भाषेत लिटरला पावणेदहा. त्यात प्रीमियम पेट्रोलच लागतं हिला.

"अ‍ॅव्हरेज बघायचं होतं तर प्रियस घ्यायची" हे कृपया कोणी लिहू नका, घरी रोज ऐकतोय.

तर प्रश्न असे की, एक, स्टिकरवर मॅन्युअलला सिटी २० हायवे २७ आणि ऑटोमॅटिकला २१ आणि ३१ लिहिलंय, हे उलटं कसं काय? आपल्याकडे तर लहानपणापासून ऐकलंय मॅन्युअल घे, अ‍ॅव्हरेज जास्त देते. दोन, ताशी ७० मैलांना सहाव्या गिअरमध्ये ३००० आरपीएम दाखवते, हे नॉर्मल आहे का गिअरबॉक्समध्ये काही लोचा आहे? तीन, बाबा कोल्हापूरहून फोनवर सांगतात उतार आला की न्यूट्रल करत जा. त्यांनी आयुष्यभर फियाट चालवलीय, त्यामुळे वाद घालायची सोय नाही. आणि मी शक्यतो लवकर गिअर बदलतो, हळूहळू स्पीड घेतो, चाळिसाला सहावा पडलेला असतो. तरी २३ च.

---

मिशिगनकर

गिअरबॉक्समध्ये काही लोचा नाही, निवांत राहा. ३००० बरोबर आहे. तुझा सहावा गिअर ०.७६७ आणि फायनल ड्राइव्ह (चाकांकडचा शेवटचा गिअर) ४.१. ऑटोमॅटिकचा सहावा ०.५८२ आणि फायनल ३.९ च्या आसपास. गुणाकार करून बघ, त्याच ७० ला ऑटोमॅटिकवाला २२०० च्या खाली बसलेला असतो. म्हणजे तुझं इंजिन दर मिनिटाला आठशे चकरा जास्त मारतंय आणि त्यातून पदरात काही पडत नाही, घर्षणात जातात. टोयोटाने मुद्दाम तसं ठेवलंय, सहाव्यात असताना पण पाय दाबला की गाडी उठली पाहिजे. मॅन्युअल घेणारा त्यासाठीच घेतो ना. जुन्या ऑटोमॅटिकला चार गिअर असायचे आणि टॉर्क कन्व्हर्टर सारखा घसरत राहायचा, मॅन्युअलचं अ‍ॅव्हरेज जास्त ही समजूत त्या काळातली. तेव्हा खरीच होती.

आता तुझ्या हातात काय आहे ते सांगतो. सगळ्यात मोठी गोष्ट स्पीड, बाकी सगळं त्याच्या मागून. ६५ ऐवजी ७५ ने गेलास तर हवेचा अडथळा ३३ टक्के वाढतो, स्पीडच्या वर्गात वाढतो म्हणून. मोकळे तीस मैल पकडले तर ७५ ने २४ मिनिटं लागतात आणि ६५ ने पावणेअठ्ठावीस. पावणेचार मिनिटांसाठी एवढं पेट्रोल जाळायचं का ते तू ठरव. मला विचारशील तर नाही, पण मी पन्नाशीचा आहे.

दुसरं म्हणजे तू "हळूहळू स्पीड घेतो" म्हणालास ते मला पटलं नाही. अगदी पाव पाय ठेवून रडतखडत ६० गाठण्यात काही वाचत नाही. पेट्रोल इंजिनात पाय कमी म्हणजे थ्रॉटलची झडप जवळपास बंद, आणि त्या अर्धवट बंद झडपेतून हवा ओढायलाच इंजिनाची बरीच ताकद खर्च होते. त्यापेक्षा पाऊण पाय दे, २५०० ते ३००० ला पुढचा गिअर टाक, लवकर हव्या त्या स्पीडला ये आणि मग पाय हलका कर. आरपीएम कमी, पाय जास्त. फक्त एकदम तळाला टेकवू नकोस, तिथे मिक्श्चर रिच होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) आणि सगळं मुसळ केरात.

आणि चाळिसाला सहावा चालतो, पण सपाट रस्त्यावर. चढ आला आणि इंजिन गुदमरायला लागलं, गचके द्यायला लागलं की पाचवा टाक, गिअर पाडण्यात कमीपणा नाही. हे इंजिन टर्बो नाही, ताकद वरच्या आरपीएमला आहे हिची.

---

कात्रजचा_घाट

बाबांना दोष देऊ नकोस रे भावा, ते त्यांच्या गाडीच्या हिशोबाने बरोबरच सांगतायत. कार्बोरेटरच्या गाडीत पाय काढला तरी इंजिन फिरतंय तोवर आयडलच्या जेटमधून पेट्रोल ओढलं जायचंच, आणि गिअरमध्ये उतरताना इंजिन जोरात फिरणार म्हणजे ओढणार पण जास्त. म्हणून न्यूट्रल. आमच्याकडे अजून अर्धे ड्रायव्हर कात्रजवरून न्यूट्रलमध्ये खाली येतात आणि खाली पोचेपर्यंत ब्रेकचा वास सुटलेला असतो.

इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून पाय पूर्ण काढला की ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) इंजेक्टर बंदच करून टाकतो, पेट्रोल शून्य, चाकं इंजिनाला फिरवतात. आरपीएम आयडलच्या जवळ आलं की परत सुरू. न्यूट्रल केलंस तर इंजिन चालू राहायला पेट्रोल लागणारच, वर गाडी ताब्यात राहत नाही ते वेगळंच. तुमच्या अमेरिकेत बऱ्याच स्टेट्समध्ये उतारावर न्यूट्रल कायद्याने बंद आहे असं ऐकून आहे.

माझ्याकडे फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आहे, १.५ टीएसआय म्हणजे टर्बो, मॅन्युअल. गंमत बघ, तुझ्या गाडीचा टॉर्क २५० एनएम आणि माझ्या गाडीचा पण २५०. पण माझा १६०० आरपीएमला येतो आणि तुझा ३७०० ला. म्हणून माझ्या गाडीला लांब सहावा गिअर देता येतो, एक्सप्रेसवेला शंभरच्या लिमिटमध्ये हलक्या पायाने चालवली की चारपैकी दोन सिलिंडर झोपतात, तसा डिस्प्लेवर मेसेज येतो आणि आकडा चढायला लागतो. तुझ्या २.४ लिटरवाल्या बॉक्सर इंजिनाला असलं काही नाही. त्यामुळे कोणाचे आकडे वाचून जळू नकोस.

---

मिशिगनकर

@कात्रजचा_घाट एकदम बरोबर, फक्त एक पुरवणी जोडतो नाहीतर लोक उगाच गिअरमध्ये पाय काढून बसतील. खाली सिग्नल आहे, एक्झिट आहे, गर्दी दिसतेय, म्हणजे स्पीड कमी करायचाच आहे, तिथे गिअरमध्ये पाय काढणं उत्तम, फुकटचं अंतर मिळतं. पण उतार अगदी हलका असेल आणि स्पीड टिकवायचा असेल तर पाय पूर्ण काढला की इंजिन ब्रेक मारतं, गाडी मंदावते आणि मग परत रेस द्यावी लागते. तिथे पाय हलका ठेवून सहाव्यातच जाऊ दे. खरं पेट्रोल ब्रेकच्या पेडलखाली जळतं. जितक्या वेळा ब्रेक दाबलास तितक्या वेळा आधी विकत घेतलेला स्पीड उष्णता करून हवेत सोडलास.

म्हणून त्या ७८ च्या रांगेत पुढच्याच्या डिकीला चिकटू नकोस. तीनचार गाड्यांची जागा सोड, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून आपोआप चालू दे, पुढचा थांबला तरी तुला थांबावं लागणार नाही. लोक मध्ये घुसतील, घुसू दे. हाफ क्लचवर सरकत राहण्यापेक्षा बरं, क्लच प्लेटचा खर्च पेट्रोलच्या बचतीत कधीच निघत नाही.

---

मियाटावाली

मी पण न्यूजर्सीतच, माझी एमएक्स-५ मॅन्युअल, स्टिकरवर २६ आणि ३४. आणि दादा, माझी पण ७० ला २८०० च्या आसपास फिरते हं, म्हणजे सगळं खापर आरपीएमवर फोडू नका. माझं इंजिन २ लिटरचं आणि गाडी तुमच्यापेक्षा दोनशे किलोने तरी हलकी, फरक तिथेही आहे.

अ‍ॅव्हरेज नक्की कुठल्या महिन्यातलं सांगताय? कारण इथली थंडी कोणी धरतच नाही हिशोबात. सरकारी फ्युएल इकॉनॉमी साइटवर आहे, ७७ डिग्री ऐवजी २० डिग्री फॅरनहाइट असेल तर गावातल्या छोट्या ट्रिपला साधारण १५ टक्के कमी पडतं, आणि तीनचार मैलांचीच ट्रिप असेल तर २४ टक्क्यांपर्यंत. इंजिन ऑइल घट्ट, गिअर ऑइल त्याहून घट्ट (सकाळी दुसरा गिअर कसा अडकतो बघा, हातालाच कळतं), हवा जड, टायरमधली हवा कमी. दर १० डिग्रीला टायर साधारण १ पीएसआय उतरतो. सप्टेंबरमध्ये भरलेली हवा जानेवारीत चारपाच पीएसआयने खाली गेलेली असते आणि टीपीएमएसचा (टायर प्रेशरचा) दिवा लागेपर्यंत बरंच उतरलेलं असतं. प्रत्येक पीएसआयला ०.२ टक्के म्हणजे फार नाही, पण फुकट आहे, दाराच्या कडेला स्टिकर आहे त्यावर लिहिलेलं प्रेशर सकाळी थंड टायरला बघून भरा. कॉस्टकोपर्यंत गाडी चालवत नेऊन भराल तर आकडा चुकीचा येतो, टायर गरम झालेला असतो.

आणि थंडीत ड्राइव्हवेमध्ये गाडी चालू करून दहा दहा मिनिटं उभी ठेवायची सवय असेल तर ती सोडा. उभ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज शून्य. अर्धा मिनिट पुरे, मग सावकाश चालवत गरम करा, काटा वर येईपर्यंत ३००० च्या वर नेऊ नका. तसंही न्यूजर्सीत ३ मिनिटांच्या वर आयडलिंगला दंड आहे.

आता टाकी टू टाकी. आपल्याकडे पेट्रोल स्वतः भरताच येत नाही, पंपावरचा माणूस भरतो आणि एक जण पहिल्या कट्-ला थांबतो, दुसरा आकडा राउंड करायला अजून दोनदा दाबतो. १३ गॅलनच्या टाकीत अर्धा गॅलन इकडेतिकडे झालं की तुमचा २३ चा २४ होतो नाहीतर २२. म्हणून एका टाकीवर काही ठरवू नका, तीनचार टाक्यांचे मैल आणि गॅलन एकत्र करून भागा.

---

बजेट_ड्रायव्हर

प्रीमियम कशाला भरता, ८७ ऑक्टेनचं साधं टाका, मी माझ्या अकॉर्डमध्ये तेच टाकतो काही होत नाही. गॅलनमागे पाऊण एक डॉलर वाचतो, अ‍ॅव्हरेजचं टेन्शनच नको.

---

मिशिगनकर

अकॉर्डला ८७ च चालतं म्हणून काही होत नाही. हिचा कॉम्प्रेशन रेशो १२.५ आहे. ८७ टाकलं की इंजिन ठोकायला लागतं, नॉक सेन्सर ते ऐकतो आणि ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, मग तेवढीच ताकद काढायला पाय जास्त द्यावा लागतो. म्हणजे स्वस्त पेट्रोल जास्त जाळायचं, आणि गाडीच्या पुस्तिकेत प्रीमियम लिहिलेलं असताना वॉरंटीवर पण प्रश्न. उलटं पण खरं आहे, तुझ्या अकॉर्डमध्ये ९३ टाकून अ‍ॅव्हरेज वाढणार नाही.

---

एडिसनकर८६

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. @मियाटावाली ताई, आकडे डिसेंबर ते फेब्रुवारीचे आहेत आणि चाकांवर विंटर टायर आहेत, ते लिहायचं राहिलं. @मिशिगनकर काका, मोकळ्या पट्ट्यात मी ७५ च्या आसपास असतो, कारण डावीकडच्या लेनमध्ये ६५ ने गेलं तर मागचा हायबीम मारतो.

आणि एक. डाउनशिफ्ट करताना मी रेव मॅच करतो (खालचा गिअर टाकताना रेस देऊन आरपीएम जुळवतो), ती रेस दिली की पेट्रोल जातं ना? ते पण बंद करायचं म्हणताय का, कारण मग गाडीत राहिलंच काय.

---

मियाटावाली

मग डावीकडे जाताच कशाला? उजवीकडे ट्रकच्या मागे आरामात ६५ ने, पण चिकटून नाही. ट्रकच्या आडोशाने अ‍ॅव्हरेज वाढतं हे खरं असलं तरी तेवढ्या जवळ जाणं म्हणजे जिवाशी खेळ, त्यात आपल्या गाड्या एवढ्या बुटक्या की ट्रकवाल्याला दिसतही नाहीत. आणि विंटर टायर म्हटल्यावर २३ ला मी तरी नावं ठेवणार नाही. एप्रिलमध्ये टायर बदलले की परत मोजा.

---

कात्रजचा_घाट

रेव मॅच कर बिनधास्त. क्षणभराची रेस आहे ती, थेंबभर जात असेल, आणि त्या बदल्यात क्लच वाचतो. फक्त थांबायचंच आहे हे माहीत असताना पाचवा, चौथा, तिसरा असं प्रत्येक गिअरला व्रूम करत येऊ नकोस, आहे त्या गिअरमध्ये पाय काढून ये, १२००-१५०० ला आली की क्लच दाब. सिग्नलसाठी अख्खी मैफल कशाला.

विश्वास बसत नसेल तर एक ओबीडी डोंगल (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावायचा) घे, ब्लूटूथचा साधा, आणि मोबाइलवर बघ पाय काढल्यावर पेट्रोल बंद होतं का.

---

मिशिगनकर

डोंगल घेशील तर एक सांगून ठेवतो, नाहीतर परत इथे येऊन "पेट्रोल बंद होतच नाही" म्हणशील. बरीच अ‍ॅप्स पेट्रोलचा आकडा एअर फ्लोवरून काढतात, इतकी हवा गेली म्हणजे इतकं पेट्रोल असणार असा सरळ हिशोब. पाय काढल्यावर इंजेक्टर बंद असतात पण थोडी हवा जातच असते, त्यामुळे अ‍ॅप तिथे पण काहीतरी खर्च दाखवतं. त्यावर जाऊ नकोस, अ‍ॅपमध्ये लॅम्बडा किंवा एअर फ्युएल रेशोचा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा) गेज लाव. एरवी १ च्या आसपास (रेशो असेल तर १४.७ च्या जवळ) नाचत असतो, इंधन कट झालं की एकदम लीनच्या (नुसत्या हवेच्या) टोकाला जाऊन चिकटतो. २८७ वर एक्झिटचा रॅम्प उतरताना बघ, म्हणजे शेजारी कोणाला तरी बसवून बघायला सांग, तू रस्ता बघ.

आणि गाडी तीनचार दिवस उभी राहणार असेल तर डोंगल काढून ठेव, बॅटरी खातो तो.