पग कुत्र्याला मे महिन्यात विमानाने दिल्लीला न्यावं का?

मीनल_ठाणे
नमस्कार मंडळी. मेच्या तिसऱ्या आठवड्यात ठाण्याहून दिल्लीला बिऱ्हाड हलवतोय, आम्ही दोघं आणि पाच वर्षांचा पग. वजन ९ किलो. घोरतो, जिना चढला की धापा टाकतो. विमान दोन-सव्वादोन तासांत पोचतं म्हणून तेच बरं वाटतंय. पिंजरा सामानाच्या कप्प्यात जाईल, असं एजंट म्हणतो. न्यावं का? झोपेची गोळी दिली तर चालेल?

प्राणिवैद्य_कोथरूड
मीनलताई, कप्प्यातून अजिबात नेऊ नका. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो. पगच्या नाकपुड्या अरुंद असतात आणि टाळूचा मऊ भाग लांब असल्याने घशात लोंबतो. जोराजोरात धापा टाकल्या की तोच भाग सुजतो, हवा कमी जाते, अंग आणखी तापतं. हे चक्र सुरू झालं की थांबवायला माणूस जवळ हवा, आणि कप्प्यात माणूस नसतो.

उडताना कप्प्यात हवेचा दाब राखलेला असतो, वैमानिकाला प्राणी असल्याचं कळवलेलं असतं. घात होतो जमिनीवर. पिंजरा ट्रॉलीवर उभा, विमानाला उशीर, दिल्लीत मेच्या दुपारी पारा चाळिशीपार आणि धावपट्टीलगतचं काँक्रीट त्याहून तापलेलं. म्हणून बऱ्याच कंपन्या पगसारख्या चपट्या नाकाच्या जाती कप्प्यात घेतच नाहीत. एजंटाने जात विचारली होती का?

गोळी नको. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळणं बिघडतं, घशाचे स्नायू सैलावतात. पगला ते जास्तच महागात पडतं. गुंगीत दिसणारा प्राणी कंपनी काउंटरवरच नाकारू शकते.

आणखी एक. पगला ६ ते ८ किलो वजन पुरेसं असतं. गाढ झोपेत असताना श्वास मोजा: छाती एकदा वर-खाली झाली की एक. मिनिटाला सातत्याने ३० च्या वर भरले तर प्रवास कुठलाही असो, आधी तपासून घ्या.

मीनल_ठाणे
धन्यवाद डॉक्टर. आमच्यासोबत केबिनमध्ये बसवून नेता येईल का?

खिडकीची_सीट
नियमात बसवणं अवघड आहे. इंडिगो फक्त सेवा-श्वान, म्हणजे अपंगांना मदत करणारे प्रशिक्षित कुत्रे घेते. आकासा एअरने नोव्हेंबर २०२२ मध्ये पाळीव प्राणी घ्यायला सुरुवात केली तेव्हा केबिनची मर्यादा ७ किलो होती, नंतर १० झाली. हे वजन पिशवीसकट असतं, आणि मऊ पिशवी दीड-दोन किलोची असते. म्हणजे तुमचा पग साडेदहा-अकरा किलोवर जातो. शिवाय सीटखाली मावणाऱ्या पिशवीत त्याला उभं राहून वळता आलं पाहिजे. तिथे बहुतेक पग अडकतात. एका विमानात मोजकेच प्राणी घेतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी फोन करून जागा पक्की करावी लागते.

रूळावरून
मग राजधानी एक्सप्रेस पाहा. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटते, सकाळी दिल्ली. उन्हाचा काळ टळतो आणि पग डोळ्यांसमोर राहतो. फर्स्ट एसीत दोन बर्थचा बंद दाराचा कूपे असतो, कुत्रा त्यातच नेता येतो. टू टियर आणि थ्री टियरमध्ये चालत नाही.

दोघांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढा. मग कूपे मिळावा म्हणून रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. बर्थ चार्ट लागताना ठरतो, म्हणून अर्ज करूनही खात्री नसते. बहुतेकांचा बेत इथेच फसतो. गाडीच्या दोन-तीन तास आधी पार्सल ऑफिसात तिकीट, ओळखपत्र, लसीचं पुस्तक आणि एक-दोन दिवसांतला आरोग्य दाखला दाखवून पगचं बुकिंग करा. पावती हातात असल्याशिवाय डब्यात चढू नका, दंड बसतो.

कूपे नाही मिळाला तर गार्डच्या डब्यातल्या पेटीत पग ठेवू नका. तिथे एसी नसतो. त्या वेळी स्वतःच्या गाडीने, एसी चालू ठेवून, वाटेत मुक्काम करत जाणं बरं.

शेरूची_आई
धाग्यात घुसते. आमचा देशी कुत्रा १८ किलोचा, डिसेंबरमध्ये दिल्लीला जायचंय. त्यालाही कप्पा नकोच का?

खिडकीची_सीट
लांब नाकाचा, निरोगी आणि पिंजऱ्याला सरावलेला असेल तर हिवाळ्यात विचार करता येतो. पिंजऱ्याचं माप असं काढा. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग: ही पिंजऱ्याची लांबी. खांद्याच्या रुंदीची दुप्पट: रुंदी. उभा असताना डोक्याच्या किंवा कानाच्या टोकापर्यंत, त्यात गादीची जाडी: उंची. समजा ही मापं याच क्रमाने ७२, ३२, २० आणि ५८ सेंमी भरली, गादी ३ सेंमी, तर पिंजरा आतून किमान ८८ × ४० × ६१. पिंजऱ्याचे दोन भाग जोडायला प्लॅस्टिकच्या क्लिपा नकोत, धातूचे नट-बोल्ट लावा. चाकं काढा. पाण्याची वाटी दाराला आतून अडकवा, म्हणजे बाहेरून भरता येते.

दिल्लीत डिसेंबरात पहाटेचं धुकं असतं. सकाळचं विमान तासन्‌तास अडकतं आणि कुत्रा पिंजऱ्यात ताटकळतो. दुपारचं थेट विमान घ्या. आज पिंजरा आणला तर महिनाभर घरात दार उघडं ठेवून त्यातच जेवू द्या. दार बंद केल्यावर तो ओरबाडतो का, हे त्यातून आधीच कळेल. ओरबाडत असेल तर विमान नको.