मदत हवी आहे: यमुनेवरचे कुरव (सीगल पक्षी) ओळखायचे कसे?

नमस्कार मंडळी. सध्या मुक्काम दिल्लीत. काश्मिरी गेटजवळच्या यमुना घाटावर थंडीत कुरवांची नुसती झुंबड असते. नावेतून लोक शेव भिरकावतात, हे पठ्ठे हवेतच झेलतात. (पक्ष्यांना शेव घालणं मला पटत नाही, पण तो वेगळा विषय.)

अडचण अशी की हिवाळ्यात काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा, दोन्ही कुरव पांढऱ्या डोक्याचेच दिसतात. डोळ्यामागे तेवढा गडद ठिपका. फिकट डोळा आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके दिसले की तपकिरी डोक्याचा, इथवर ठीक. पण पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लांचं काय? त्यांना ना ते ठिपके, ना फिकट डोळा. उडताना पंखात नेमकं काय बघायचं? धुक्यात फोटोही धड येत नाहीत. जाणकारांनी सांगावं.