मदत हवी आहे : बहिणीचं जेवण बिघडलंय, यवतमाळ-अमरावतीकडे कुठं दाखवावं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. लहान बहीण अमरावतीला बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला, होस्टेलवर राहते. दिवाळीत आली तर ओळखूच येईना. मायनं हौसेनं पाटोडीची रस्साभाजी केली, हिनं अर्धी पोळी चिवडली. रात्री मात्र डब्यातले लाडू एकटीनं संपवले अन् न्हाणीत जाऊन मुद्दाम ओकली. ३ महिन्यांपासून पाळी नाही. दिवसभर वजनकाटा, वावरात फेऱ्या अन् मोबाईलवर कॅलरीचा हिशोब. अभ्यास, झोप, मैत्रिणी, तिची आवडती रांगोळीसुद्धा सुटली.

माय म्हणते नजर लागली, बाबा म्हणतात शहराची हवा. मला तर हा आजारच वाटतो. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या १४४१६ वर बोललो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. गावाजवळच्या डॉक्टरांनी रक्तातलं पोटॅशियम तपासायला सांगितलं. वारंवार ओकून ते घटलं तर हृदयाला धोका असतो.

पण ती म्हणते, "मी का येडी आहे?" तिला न दुखावता मानसोपचाराच्या ओपीडीत कसं न्यावं? यवतमाळच्या सरकारी मेडिकलमध्ये कोणत्या वारी जावं? अन् तोवर होस्टेलवर पाठवावं की घरीच ठेवावं?

उतारे सुचवू नका बाप्पा, ते सगळे झाले.