इजिप्त, फेब्रुवारी २०२७: अबू सिंबेल, रमजान आणि सत्तरीतले आईवडील (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

कमी खर्चात इजिप्त पाहिलेल्या, आणि शक्य झाल्यास घरातल्या ज्येष्ठांना तिथे नेलेल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे. गेल्या हिवाळ्यात मी एकटा तिथे हिंडून आलो. आता आईबाबांना घेऊन पुन्हा जाण्याचा विचार आहे आणि तारीख बाबांनी आधीच ठरवून टाकली आहे: २२ फेब्रुवारी.

कारण अबू सिंबेलचे. प्राचीन इजिप्तचा राजा रामसेस दुसरा याने डोंगरात कोरून घेतलेल्या या मंदिरात दरवर्षी २२ फेब्रुवारीला आणि २२ ऑक्टोबरला उगवत्या सूर्याचे किरण सुमारे ६० मीटर आत, थेट गाभाऱ्यापर्यंत जातात आणि तिथल्या चार मूर्तींपैकी तिघांना उजळतात. चौथा, पाताळाशी नाते असलेला प्ताह देव, जवळजवळ अंधारातच राहतो. बाबांनी कोल्हापूरला अंबाबाईचा किरणोत्सव पाहिलेला आहे. शिवाय ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे, आस्वानच्या मोठ्या धरणात बुडणारे हे मंदिर १९६४ ते १९६८ या काळात कापून सुमारे ६५ मीटर वर पुन्हा उभे केले आणि तरीही किरणांची वाट मोडू दिली नाही, हे त्यांना मंदिराइतकेच पाहण्यासारखे वाटते. ऑक्टोबरची तारीख आम्ही सोडून दिली, कारण तेव्हा आस्वानला पारा सहज पस्तिशीच्या पुढे असतो आणि घरीही नवरात्र-दिवाळीचे दिवस असतात.

माझ्या अनुभवाने सांगायचे तर इजिप्तमध्ये खाणे, राहणे आणि फिरणे स्वस्त आहे. खिसा रिकामा होतो तो प्रवेश तिकिटांनी. परदेशी पाहुण्यांचा दर स्थानिकांपेक्षा बराच चढा असतो, आणि लुक्सरजवळ प्राचीन राजांची थडगी असलेल्या ‘राजांच्या दरी’च्या साध्या तिकिटात तीनच थडगी पाहता येतात, तुतनखामेनसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. मात्र मार्च २०२४ मध्ये तिथल्या पौंडाची किंमत एकदम घसरल्यापासून बाकी खर्च आपल्या आवाक्यात आला आहे. कोशरी, म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, छोले आणि वर तळलेला कांदा व टोमॅटोचा आंबटतिखट रस, हे एक वेळचे पोटभर जेवण आहे आणि ते शाकाहारी आहे. फूल आणि तामेया हे बाकल्याचे, म्हणजे वालासारख्या कडधान्याचे पदार्थही आईला चालतील. कैरोत मेट्रो, लुक्सरला नाईल ओलांडायला सरकारी फेरी आणि जवळच्या अंतराला आपल्याकडच्या वडापसारखी मायक्रोबस, एवढ्यावर माझे छान भागले.

परंतु तिथल्या उन्हाचा मला फार आदर वाटू लागला आहे. आपण एप्रिलमधले पुणे सोसलेले असते, पण पुण्यात रस्त्याच्या कडेला निदान पर्जन्यवृक्षाची सावली तरी सापडते. लुक्सरच्या पश्चिम तीरावर डोंगरही उघडे, जमीनही उघडी, आणि पांढऱ्या चुनखडीवरून ऊन खालूनही डोळ्यांवर येते. फेब्रुवारीत आस्वानचे कमाल तापमान साधारण २५-२६ अंश असते, त्यामुळे हवा त्रास देत नाही. त्रास होतो तो थेट उन्हाचा, आणि तो दुपारी खोलीवर परतल्यावर कळतो. आई रोज उजाडताना पर्वती चढते, तेव्हा चालण्याची मला चिंता नाही. चिंता आहे ती दिवसाच्या वेळापत्रकाची. सकाळी सहाला दरी, दहाच्या आत परत, दुपारी विश्रांती आणि दिवे लागल्यावर लुक्सरचे मंदिर, असा क्रम मनात आहे.

यात खरी अडचण रमजानची आहे. २०२७ मध्ये तो ८ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होईल, म्हणजे २२ तारीख बरोबर मध्यावर येते. आईला मधुमेह आहे आणि गोळीनंतर तिला वेळेवर खावेच लागते. त्या महिन्यात लुक्सर आणि आस्वानला दिवसा कोशरीची दुकाने उघडी असतात का, की सकाळीच डबा भरून घ्यावा लागतो? रोजा असणाऱ्या लोकांसमोर खाण्यात अनादर होऊ नये असेही आम्हाला मनापासून वाटते, तेव्हा तिथे पर्यटक नेमके कसे वागतात तेही सांगावे. संध्याकाळी रोजा सुटण्याच्या वेळी वाहने मिळतात का, आणि लुक्सरचे मंदिर रात्री नेहमीइतका वेळ खुले असते का?

दुसरा प्रश्न त्या पहाटेचा. आस्वान ते अबू सिंबेल अंतर सुमारे २८० किलोमीटर, म्हणजे गाडीने तीन ते साडेतीन तास. सूर्योदयापूर्वी रांगेत उभे राहायचे तर मध्यरात्रीच निघावे लागेल, आणि सत्तरीतल्या माणसांना ते झेपेल असे मला वाटत नाही. आदल्या रात्री अबू सिंबेल गावातच मुक्काम केलेले कोणी आहे का? २२ तारखेला खोल्यांचे भाडे किती वाढते आणि किती महिने आधी आरक्षण करावे? गर्दीत ज्येष्ठांना गाभाऱ्याच्या दारापर्यंत जाता येते, की किरणांचे दर्शन बाहेरच्या पडद्यावरच होते? तसे असेल तर बाबांना आत्ताच सांगितलेले बरे.

रात्रीच्या रेल्वेने कैरोहून लुक्सरला मी बसून गेलो होतो. त्या दोघांसाठी शयनयान घ्यावे की विमानाचे जादा पैसे मोजावेत, याबद्दलही मत द्यावे. तिकिटांवर आणि आईच्या विश्रांतीवर खर्च करायला माझी ना नाही, बाकी सगळीकडे हात आखडता ठेवायचा आहे. मुंबई-कैरो विमानाची तिकिटे पुढच्या महिन्यात काढायची आहेत, त्याआधी उत्तरे मिळाली तर फार उपकार होतील.