‘आल्मुएर्सो’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : मेक्सिको सिटीत आमच्या वस्तीत एक ‘फोंदा’, म्हणजे घरगुती खाणावळ आहे आणि तिच्याविषयी मी मराठीत लिहीत आहे. सकाळी साडेदहाच्या सुमारास आसपासचे दुकानदार आणि गवंडी तिथे गर्दी करतात. चिलाकिलेस हा पदार्थ मागवला की ‘हिरवे की लाल?’ एवढेच विचारले जाते, कारण साल्सा, म्हणजे मिरचीचा तिखट रस, कोणता हवा ते सांगावे लागते. या खाण्याला तिथे ‘आल्मुएर्सो’ म्हणतात, परंतु माझ्या कोशात त्याचा अर्थ ‘दुपारचे जेवण’ असा दिला आहे. मराठीत कोणता शब्द योजावा?

प्रतिसाद १ : कोश चुकलेला नाही, स्पॅनिश बोलणाऱ्या अनेक देशांत त्या शब्दाचा तोच अर्थ आहे. मेक्सिकोत मात्र मुख्य जेवण दुपारी दोननंतर होते. त्याआधी पहाटे कॉफी आणि गोड पाव एवढेच घेतले जाते, ते ‘देसायुनो’, आणि उन्हे वर आल्यावर पोटभर खाल्ले जाते, तो ‘आल्मुएर्सो’. आपल्याकडे चहा पिऊन शेतावर गेलेला माणूस काही वेळाने बांधावर बसून भाकरी, ठेचा आणि कांदा खातो, त्याला आपण न्याहारी म्हणतो. म्हणून मी निःशंकपणे ‘न्याहारी’ हाच शब्द सुचवीन. ‘देसायुनो’साठी ‘नाश्ता’ ठेवावा. त्या शब्दाची फोड ‘उपास सोडणे’ अशी होते, तर फारसीत ‘नाश्ता’ म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला, त्यामुळे दोन्ही शब्दांच्या मुळाशी रिकामे पोटच आहे. ‘आल्मुएर्सो’ मात्र लॅटिनमधील ‘चावा’ या अर्थाच्या शब्दावरून आला असून त्याला अरबी ‘अल’ जोडले गेले आहे.

प्रतिसाद २ : न्याहारी मलाही पटते. चिलाकिलेस हे नाव मात्र तसेच ठेवून पदार्थाचे वर्णन करावे. आदल्या दिवशीच्या तोर्तियांचे, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्यांचे, तुकडे तळून ते साल्सात घोळवतात. मधला भाग रसात मऊ होतो, पण कडा दाताखाली कुरकुरतात, आणि वरून साय, चुरलेले चीज व कांदा घालतात. शिळ्यातून ताजे करण्याची ही रीत फोडणीच्या पोळीच्या फार जवळची आहे, तरी ते नाव मी देणार नाही, कारण वाचकाला लगेच मोहरी आणि हळद दिसू लागेल. सोबतच्या ‘रेफ्रितोस’ घेवड्याला ‘पुन्हा तळलेला’ असेही लिहू नये. मेक्सिकोच्या बोलीत ‘रे’ हा उपसर्ग ‘चांगला, भरपूर’ असा जोर देतो, म्हणून ‘खमंग परतलेला’ म्हणावे.

प्रश्नकर्ता : न्याहारी निश्चित केली. शेवटची एक शंका आहे. खाऊन उठलेला अनोळखी माणूसही शेजारच्या टेबलाजवळून जाताना ‘प्रोवेचो’ म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘लाभ’ असा आहे.

प्रतिसाद १ : ‘लाभ’ लिहिल्यास वाचकाला काहीच बोध होणार नाही. आपल्या पंगतीत याच भावनेने म्हणतात, ‘सावकाश होऊ द्या.’ तेच लिहावे.